माशाच्या अंगावरील बुळबुळ

आक्षेपक : मरळ, वाम किंवा मागूर चिरावयास घेण्यापूर्वी चुलीतील राख किंवा जाडे मीठ चोळून तिच्या अंगावरील जी बुळबुळ आपल्याकडे काढून टाकतात, तिच्यात जंतूंना मारण्याचे सामर्थ्य असते हे मान्य करावयास मला मुळीच अडचण वाटत नाही, अडचण वाटते ती या मान्यतेवर गेल्या काही दशकांत अपेक्षांचा जो इमला उभारला जात आहे, त्याविषयी. या विषयावरील प्रबंध चाळू लागलो की बहुतेकांत एकच रीत आढळते. तळ्यातील मासा आणावा, त्याच्या पाठीवरून बोथट पात्याने बुळबुळ खरवडावी, पाण्यात किंवा आम्लात तिचा अर्क काढावा, जंतू वाढविलेल्या अगरच्या थराला भोक पाडून त्यात तो अर्क ओतावा, आणि दुसऱ्या दिवशी भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले की या माशापासून नवे प्रतिजैविक मिळण्याचा संभव आहे असा निष्कर्ष नोंदवावा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली लायसोझाइमची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हाही त्यांच्यापुढे जंतू विरघळल्याचा असाच प्रत्यक्ष दाखला होता. ते द्रव्य नाकातील स्रावात, अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्यात सर्वत्र सापडले. तरीही ज्या जंतूंमुळे माणसे दगावतात, त्यांतील बहुतेकांवर त्याचा अंमल चालेना, आणि फ्लेमिंग यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९२८ साली हाती लागलेल्या पेनिसिलिन या अगदी निराळ्या द्रव्यामुळे. तेव्हा अगरवरील वर्तुळ ही फार तर चौकशी सुरू करण्यापुरती हकिकत झाली. तिला फैसल्याचे स्थान देता येणार नाही.

समर्थक : वर्तुळाविषयीची तुमची तक्रार मी नोंदवून घेतो आणि तिच्यातील बराचसा भाग मान्यही करतो. परंतु अश्रू, लाळ आणि माशाची बुळबुळ यांना एकाच रांगेत बसविताना माशाची परिस्थिती काय आहे, हे तुम्ही ध्यानात घेतलेले नाही. आपल्या त्वचेचा अगदी बाहेरचा थर मृत पेशींचा, केराटिनने भरलेला आणि कोरडा असतो. जंतूला तेथे ओलही मिळत नाही आणि भक्ष्यही मिळत नाही. बहुतेक माशांच्या त्वचेला असे मृत कवच नसते. खवले असतात, पण तेही त्वचेच्या आतील थरातून आलेले, आणि त्यांच्यावरही जिवंत पेशींचे पातळ आवरण असते. म्हणजे माशाची अगदी बाहेरची पेशीसुद्धा जिवंत असते, आणि ती ज्या पाण्यात अहोरात्र असते त्या गोड्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात जंतू असतात. शिवाय माशाच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असल्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहते आणि क्षार बाहेर निसटू पाहतात, म्हणून त्वचेला लहानसे खरचटले तरी तिथून जंतूंना वाट मिळते आणि शरीरातील क्षारांचा हिशेबही बिघडतो. अशा स्थितीत लक्षावधी वर्षे ज्यांनी निभाव लावला, त्यांच्या अंगावरील या थरात काय काय आहे ते पाहा. चषकाच्या आकाराच्या पेशींतून सतत पाझरणारे आणि जंतूंना गुंतवून वाहून नेणारे श्लेष्म-प्रथिन आहे, लायसोझाइम आहे, प्रथिनांचे तुकडे करणारी एंझाइमे आहेत, जंतूंच्या अंगावरील शर्करांना चिकटणारी लेक्टिने आहेत, रक्तातील पूरक प्रथिने आहेत, आणि प्रतिपिंडेही आहेत. इंद्रधनुषी ट्राउटच्या आतड्यात एका विशिष्ट वर्गाच्या प्रतिपिंडाचे कार्य २०१० साली उलगडले आणि पुढे २०१३ साली तेच प्रतिपिंड तिच्या त्वचेच्या श्लेष्मातही, म्हणजे या बुळबुळीतही, पहारा करीत असल्याचे दिसून आले.

याहून विलक्षण दाखला कोरियातील आहे. आपल्या मागूर-शिंगीप्रमाणे मिशा असलेला आणि खवले नसलेला एक आशियाई मासा तिकडे मिळतो. त्याच्या जखमी त्वचेच्या श्लेष्मातून १९९८ साली एकोणीस अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी, म्हणजे पेप्टाइड, वेगळी काढण्यात आली आणि तिला पॅरासिन हे नाव मिळाले. ही साखळी हिस्टोन नावाच्या प्रथिनाचा तुकडा आहे. पेशीच्या केंद्रात ज्या प्रथिनांवर डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो, त्यांतलेच हे एक. पण या माशाने त्याचा काही साठा त्वचेच्या पेशींत केंद्राबाहेर राखून ठेवलेला असतो. त्वचेला इजा झाली की निद्रिस्त असलेले एक एंझाइम जागे होते, ते दुसऱ्या एंझाइमला जागे करते आणि ते दुसरे एंझाइम हिस्टोनचे टोक नेमक्या जागी कापून पॅरासिन मोकळे करते. आफ्रिकन बेडकाच्या मॅगेनिनपेक्षा ते निरनिराळ्या जंतूंवर बारा ते शंभर पट प्रभावी ठरले आणि रक्तपेशी मात्र त्याने फोडल्या नाहीत. घरातील नित्याच्या वस्तूतून संकटसमयी हत्यार घडविण्याची ही तजवीज पाहून ज्याचे मन थक्क होणार नाही, त्याच्याशी वाद तरी कसा घालावा?

आक्षेपक : थक्क होण्यात मीही तुमच्या बरोबरीने आहे. परंतु तुम्ही स्वतःच मॅगेनिनचे नाव काढले आहे, तर त्याची कैफियत शेवटपर्यंत ऐकली पाहिजे. मायकेल झास्लॉफ यांनी १९८७ साली बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन शोधले, तेव्हा आज तुम्ही माशाविषयी जे बोलत आहात, तेच बेडकाविषयी बोलले जात होते. शस्त्रक्रियेनंतर गढूळ पाण्यात सोडलेल्या बेडकाची जखम पिकत कशी नाही, या साध्या निरीक्षणातून निघालेला तो शोध होता, आणि त्याचा उगम मला आजही आदरणीय वाटतो. मॅगेनिनची सुधारलेली प्रत पेक्सिगनान या नावाने मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांसाठी तयार झाली, मोठ्या चाचण्या झाल्या, आणि १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी तिला परवानगी नाकारली, कारण बाजारातील औषधांपेक्षा ती सरस असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. काचेच्या बशीत जे द्रव्य अजिंक्य भासते, त्याला शरीरातील क्षारांची, प्रथिने पचविणाऱ्या एंझाइमांची आणि जखमेतील पुवाची गाठ पडली की त्याचे तेज मावळते. पॅरासिन मॅगेनिनहून शंभर पटींपर्यंत सरस ठरले ते याच बशीत. शंभर पटींचा तो आकडा रुग्णाच्या पायापर्यंत टिकेल असे मानावयास कोणता पुरावा आहे?

समर्थक : तुमच्या प्रश्नाला माझ्यापाशी होकारार्थी उत्तर नाही. मात्र मॅगेनिनच्या अपयशाचा अर्थ आपण दोघे निरनिराळा लावीत आहोत. अपयश बेडकाचे नव्हते. बेडूक अजूनही गढूळ पाण्यात सुखरूप आहे. अपयश आले ते अनेकांच्या संगतीत काम करणारे एक द्रव्य वेचून काढून त्याने एकट्याने सगळा बंदोबस्त करावा, या आपल्या अपेक्षेला. श्लेष्मात प्रत्येक घटकाचे सामर्थ्य मर्यादित असते. लायसोझाइम जंतूची भिंत कमकुवत करते, पेप्टाइड त्या भिंतीतून आत घुसते, प्रतिपिंड त्याला गुंतवून ठेवते आणि वाहता श्लेष्म त्या गुंत्याला पाण्यात सोडून देतो. जंतूच्या पटलावर ऋण विद्युत्भार असतो आणि या पेप्टाइडांवर बहुधा धन, म्हणून ती एकमेकांकडे ओढली जातात. खारट द्रवात हे आकर्षण क्षीण होते, पण नदीतळ्याच्या पाण्यात क्षार अल्प असल्याने माशाला ती अडचण पुष्कळच कमी भासते. म्हणजे जी गोष्ट रुग्णाच्या जखमेत औषधाच्या विरुद्ध गेली, ती माशाच्या घरी त्याच्या बाजूची आहे.

आणि हे कार्य किती जिवंत असते याचा माझ्या मते सर्वांत प्रभावी दाखला आफ्रिकेतील फुप्फुसमाशाचा आहे. तळे आटले की हा मासा चिखलात शिरून अंगाभोवती श्लेष्माचा कोश करतो आणि त्यात महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे पडून राहतो. हा कोश म्हणजे वाळलेला श्लेष्म, ओल टिकविणारे एक निर्जीव वेष्टन, असेच दीर्घकाळ समजले जात होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सूक्ष्मदर्शकाखाली तो कोश जिवंत ऊतक असल्याचे दिसले. माशाच्या त्वचेतून श्वेतपेशी स्थलांतर करून त्या कोशात येतात आणि स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर टाकून जंतूंना त्यात अडकवितात. संशोधकांनी डीएनए विरघळविणारे एंझाइम माशांवर फवारले, तेव्हा त्यांच्या त्वचेवर जखमा झाल्या, रक्तस्राव झाला आणि जंतू रक्तात पसरले. कोशाचा श्लेष्म तसाच होता. केवळ जाळी नाहीशी झाली होती.

आक्षेपक : हा दाखला उत्तम आहे आणि तो माझ्या बाजूने वापरण्याची मुभा मला असावी. प्रारंभी तुम्ही श्लेष्मातील द्रव्यांची यादी वाचून दाखविलीत. आता तुम्ही म्हणता की त्या द्रव्यांहून जिवंत पेशींची हालचाल महत्त्वाची आहे. भूमिका बदलली म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही, परंतु ती बदलली आहे याची नोंद व्हावी, कारण खरवडून काढलेल्या, आम्लात उकळलेल्या आणि गाळून घेतलेल्या अर्कात ही हालचाल कोठून येणार?

आणि माशाच्या घरीच जावयाचे, तर आपल्या मरळीकडे जाऊ. १९८८ साली साथीच्या व्रणरोगाने ईशान्येकडून भारतात प्रवेश केला आणि पुढील काही वर्षांत देशभरच्या तळ्यांत तो पसरला. प्रथम अंगावर लाल ठिपके, मग त्यांचे व्रण, आणि अखेर मांस झडून हाडे उघडी पडलेले मासे काठाला लागत. हा रोग ज्या बुरशीसदृश जीवापासून होतो, त्याचे पोहणारे बीजाणू पाण्यातून येऊन त्वचेला चिकटतात. या रोगाला सर्वाधिक बळी पडणाऱ्या माशांत मरळ आहे, जिच्या अंगावर हातात ठरणार नाही इतकी बुळबुळ असते! उलट सायप्रिनस आणि चिलापी त्याच पाण्यात बहुधा बचावतात. आता तुम्ही म्हणाल की यांचा श्लेष्म अधिक गुणकारी असेल. परंतु त्वचा ओलांडून थेट स्नायूंत बीजाणू टोचले, तरी सायप्रिनसमध्ये रोग बळावत नाही. आतील दाहक पेशी त्याला घेरून तेथेच थोपवितात. म्हणजे या प्रकरणात निकाल लागतो तो आत, मांसात. बुळबुळीच्या थरात लागत नाही. याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे कल्ले आणि त्वचा कुजविणारा स्तंभरोगाचा जंतू मिशावाल्या माशांच्या श्लेष्माकडे आकृष्ट होतो आणि त्यावर पोसला जातो, हे प्रयोगांनी दाखविले आहे. ज्याला तुम्ही तटबंदी म्हणता, ते शत्रूला अन्न पुरविणारे कोठारही आहे.

समर्थक : मरळीचा मुद्दा मला सर्वांत अधिक झोंबतो, कारण हा मासा आमच्या विदर्भातील मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढीवरांच्या आणि भोयांच्या पोटाशी निगडित आहे. पण हा रोग कधी येतो ते पाहा. पाऊस ओसरून पाणी गार होऊ लागले की, किंवा मुसळधार पावसाने आम्लयुक्त पाणी तळ्यात उतरले की, तो डोके वर काढतो. थंडीत माशाच्या सर्व संरक्षक क्रिया मंदावतात, कारण त्याच्या शरीराची उष्णता पाण्याच्या उष्णतेबरोबर उतरते. आम्ल पाण्याने वरची त्वचा सोलवटते. आणि इजा झालेल्या त्वचेवर बीजाणू सहज रुजतात. यावरून श्लेष्म कुचकामी ठरतो की त्याच्या दुर्बल काळातच शत्रू आत येतो असे ठरते? सायप्रिनसच्या स्नायूंतील प्रतिकाराची गोष्ट मी नाकारीत नाही, पण एका माशाची दुसरी फळी बलवान आहे एवढ्याने पहिली फळी निरुपयोगी ठरत नाही.

कोठाराविषयी म्हणाल, तर मी ते आनंदाने कबूल करतो. श्लेष्मावर असंख्य निरुपद्रवी जंतूही पोसले जातात आणि त्यांनी जागा व्यापल्यामुळे उपद्रवी जंतूंना शिरकाव कठीण होतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील डिस्कस माशाची पिले अंड्यातून बाहेर आल्यावर आरंभी आईबापांच्या अंगावरील श्लेष्म खाऊन वाढतात आणि त्यातून त्यांना पोषणाबरोबर प्रतिपिंडेही मिळतात. मत्स्यपेटी बाळगणाऱ्यांना परिचित असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात याहून सूक्ष्म गोष्ट घडते. त्या रोगातून वाचलेल्या मिशावाल्या माशाच्या त्वचेतील प्रतिपिंडे नव्याने शिरलेल्या परजीवीच्या केसलांना जखडतात, आणि तो परजीवी जिवंत राहूनच त्वचा सोडून चालता होतो. मारणे हा या थराच्या कामाचा एक भाग आहे; खाऊ घालणे, अडविणे, हुसकावणे, वाहवून टाकणे ही कामेही त्याचीच. मी आरंभी जंतुनाशक शब्दावर जो भर दिला, तो आता मला अपुरा वाटतो.

आक्षेपक : येथे आपण पुष्कळ जवळ आलो, आणि म्हणूनच माझा खरा आक्षेप आता मांडतो, यापूर्वीचे आक्षेप त्याच्या मानाने गौण होते. समजा, तुमचे पॅरासिन स्वस्तात तयार होऊ लागले आणि मत्स्यपालक ते खाद्यात मिसळून तळ्यात टाकू लागले. २००३ साली ग्रॅहम बेल आणि पिएर-आँरी गुयों यांनी इशारा दिला होता की, अशा पेप्टाइडांचा औषध म्हणून मुक्त वापर झाला तर त्यांना दाद न देणारे जंतू निपजतील, आणि ते जंतू आपल्या शरीरातील तत्सम नैसर्गिक पेप्टाइडांनाही दाद देणार नाहीत. तीन वर्षांनी प्रयोगशाळेत सहा-सातशे पिढ्या पेक्सिगनानच्या वाढत्या मात्रेत वाढविलेल्या जंतूंत तशी सहनशक्ती आलेली दिसली, आणि त्या प्रयोगात स्वतः झास्लॉफ सहभागी होते, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. प्रयोगशाळेबाहेरचा दाखला हवा असेल तर कोलिस्टिनचा घ्या. तेही पेप्टाइडच. पशुपालनात ते सढळपणे वापरले गेले. २०१५ साली त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक चीनमध्ये आढळल्याचे जाहीर झाले. आणि २०१९ साली भारत सरकारला अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत, मत्स्यशेतीतही, त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. पेनिसिलिन निष्प्रभ झाले तर माणूस दुसरे औषध शोधतो. माशाचा श्लेष्मच निष्प्रभ झाला तर मासा काय शोधणार?

समर्थक : या आक्षेपाचे वजन मला जाणवते. तरीही एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. जंतू आणि ही पेप्टाइडे एकमेकांसमोर लक्षावधी वर्षे उभी आहेत, आणि इतक्या काळात जंतूंनी त्यांचा पूर्ण बीमोड केलेला नाही. हे कसे घडले? मला त्याचे कारण त्यांच्या वापराच्या रीतीत दिसते. पॅरासिन जखम झाली तेव्हाच, जखमेच्या जागीच, अल्प काळ आणि इतर दहा घटकांच्या बरोबर प्रकट होते. जंतूला एकाच द्रव्याशी दीर्घकाळ झुंजून त्यातून वाट काढण्याची संधीच मिळत नाही. बेल यांचा इशारा आपण ज्या रीतीने औषधे वापरतो त्या रीतीला लागू आहे. ती रीत बदलता येणार नाही असे तुम्ही गृहीत धरता; बदलता येईल असे मला वाटते, आणि मला ही विद्या पुढे न्यावीशी वाटते ती याच कारणाने. द्रव्याची नक्कल करण्यापेक्षा त्याच्या प्रकट होण्याच्या क्रमाची नक्कल करणारे औषध, जखमेतच जागे होणारे आणि जखमेबरोबरच संपणारे, आज कोठे तयार नाही म्हणून ते अशक्य ठरत नाही.

आक्षेपक : अशक्य ठरत नाही, हे मान्य, पण ज्या दिवशी ते तयार होईल त्या दिवशी ते स्वस्त असावे, आणि स्वस्त असूनही उठल्यासुटल्या वापरले जाऊ नये, अशी दुहेरी अट त्याला घालावी लागेल, आणि मनुष्याच्या व्यवहारात ती कोणी पाळल्याचे मला आठवत नाही. मी तरी माझा भर जो श्लेष्म माशाच्या अंगावर आहे, तो तेथेच टिकविण्यावर देईन. बोटुकली कोरड्या हातांनी उचलणे, जाळ्यात घासू देणे, उन्हात टोपलीत ढीग करून ठेवणे, अरुंद भांड्यात खच्चून भरून दूरवर नेणे, यांत तो थर पुसला जातो आणि तळ्यात सोडल्यानंतर काही दिवसांनी त्या जागी बुरशीचा कापसासारखा पुंजका उगवतो. हात ओले करावेत, जाळे मऊ असावे, सोडण्यापूर्वी बोटुकलीला मिठाच्या सौम्य पाण्यात काही काळ ठेवावे. या गोष्टी मत्स्यविभागाच्या प्रशिक्षणात सांगितल्या जातात आणि काठावर विसरल्या जातात. मरळीला त्यातून मिळणारे संरक्षण कोणत्याही पेप्टाइडच्या आधी मिळेल.

समर्थक : तेवढ्यापुरता मी तुमच्याशी सहमत आहे, पण जे टिकवावयाचे त्याचे मोजमाप नसेल तर ते टिकले की नाही हे कळणार कसे? आज आपल्यापाशी आजारी माशांचे अहवाल आहेत. निरोगी मरळीच्या अंगावरील श्लेष्म वैशाखात किती आणि कसा असतो, मार्गशीर्षात त्यात काय उतरते, पाग टाकून धरल्यानंतर तो पूर्ववत होण्यास किती दिवस लागतात, गढूळ तळ्यातील आणि स्वच्छ तळ्यातील मरळीत भेद पडतो काय, याची निरंतर नोंद ठेवणारे दफ्तर आपल्याकडे उभे राहिले पाहिजे. मासा न मारता, ओल्या कापसाच्या बोळ्याने पाठीवरून अलगद घेतलेला नमुना या कामाला पुरेसा होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली येथील तलाव ज्यांच्या ठेक्यात आहेत, त्या मच्छीमार सहकारी संस्थांनी आणि तेथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी हे काम येत्या पावसाळ्यानंतर, व्रणरोगाचा मोसम लागण्यापूर्वी, एकेका तलावापुरते का होईना, हाती घ्यावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.